मावसभावाचा बंगला, आपला हप्ता आणि संतोष

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. तुम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहता, अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करता. पत्नी शिक्षिका आहे, मुलं दोन, टू बीएचकेचा हप्ता चालू आहे. मावसभावाने गंगापूर रोडला बंगला घेतला. त्याच्या आभारप्रार्थनेला तुम्ही जाऊन आलात आणि त्या रात्री तुम्हाला जेवण गेलं नाही. आता ओळखीतला एकजण प्लॉट सुचवतोय. सिंहस्थ कुंभमेळा आलाय, नवे रस्ते होणार, भाव दुप्पट होईल, 15 तारखेपर्यंत टोकन द्या, असं त्याचं म्हणणं. आणि इकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकू येतं की आहे त्यात संतोष माना. तुम्ही विचारता: मोठं घर हवंसं वाटणं म्हणजे लोभ का? संतोष म्हणजे प्रगती थांबवणं का? आणि ही जळजळ जात नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं ऐकायला मन मोकळं हवं. नाही, खोटा नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पै शहराच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा तो कैदेत आहे आणि तिथून तो सांगतो की ज्या स्थितीत मी आहे तिच्यात राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द धरून ठेवा. प्रभूला भेटल्यावर पुष्कळ वर्षांनी, उपास, मार, तुरुंग आणि भरलेलं ताट हे सगळं पाहून झाल्यावर तो हे म्हणतो. प्रेषिताला जे शिकावं लागलं ते तुम्हाला पस्तिशीच्या आत आलं नाही, यात अविश्वास नाही.

मी कोणत्या अनुभवातून बोलते तेही सांगते. 31 वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली 14 वर्षं कर्जविभागात. मंडळीत बराच काळ खजिनदार होते. लग्न ठरलेल्या जोडप्यांशी पैशांबद्दल बोलण्याचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलं, ते अजून करते. त्यामुळे माणसं कर्ज मागताना काय बोलतात आणि प्रार्थनेची विनंती करताना काय बोलतात, दोन्ही मी जवळून ऐकलंय. इतक्या वर्षांत 'मला लोभ आहे' असं स्वतःबद्दल म्हणणारा एकही माणूस माझ्यासमोर बसला नाही. राग कबूल करतात, दारू कबूल करतात, बाईचा नाद कबूल करतात. लोभाला मात्र घरात दुसरंच नाव असतं. 'मुलांसाठी', 'उद्याची सोय', 'चारचौघांत बरं दिसत नाही'. तुम्ही निदान जळजळ म्हणालात. तेवढ्यानेच निम्मं काम सोपं झालंय.

आता खरा प्रश्न. मला वाटतं, तुमची अडचण मोठ्या घराची इच्छा ही नाही. अडचण अशी की 'पुरे' म्हणजे किती, हे तुम्ही कधी ठरवलेलंच नाही. ते न ठरवल्यामुळे दर वेळी ते दुसऱ्या कुणाकडे पाहून ठरतं. कधी मावसभावाच्या घराकडे पाहून, कधी ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या गाडीकडे पाहून.

बायबलच्या नव्या करारात लोभासाठी जो ग्रीक शब्द बऱ्याच ठिकाणी येतो, प्लेओनेक्सिया, त्याचा सरळ अर्थ 'अधिक असण्याची हाव' असा आहे. त्यात आकडा नाही. भुकेला आकडा असतो, दोन भाकरी, तीन भाकरी. 'अधिक'ला नसतो. म्हणूनच जुन्या करारातल्या अहाब राजाची गोष्ट मला नेहमी आठवते, आणि आपण द्राक्षाच्या मुलखातले म्हणून जरा जास्तच आठवते. राजवाडा आहे, राज्य आहे, आणि त्याला हवा आहे शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा. कशासाठी? तर भाजीचा मळा करायला! नाबोथाने वाडवडिलांचं वतन द्यायला नकार दिला तेव्हा राजा खाटेवर पडला, तोंड फिरवलं आणि जेवला नाही. तुम्ही 'जेवण गेलं नाही' लिहिलंत ते वाचताच मला ती खाट दिसली. तुम्हाला अहाब म्हणत नाही. त्याच्या गोष्टीत पुढे रक्त आहे. पण सुरुवात इतकी साधी, इतकी घरगुती असते, एवढंच दाखवायचंय.

माझी आई तांदूळ मापट्याने मोजून शिजवायची. पाहुणा आला तर अर्धं मापटं जास्त. पातेल्यात तांदूळ पडायच्या आधी त्यातली एक मूठ ती वेगळ्या डब्यात टाकायची. तो डबा रविवारी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या विधवेकडे जायचा. वडील देवळालीगावातून सायकलने कामाला जायचे, घरात आम्ही सहाजणं, आणि महिन्याच्या शेवटी डबे वाजायचे. तरी 'आपल्याला कमी आहे' ही भावना त्या घरात मला आठवत नाही. लहानपणी वाटायचं, आई काटकसरी आहे. खूप नंतर बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 16 वा अध्याय शिकवायला घेतला तेव्हा कळलं की ती काय करत होती. इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडला, तो माणशी एक ओमर या मापाने घ्यायचा होता. मापून पाहिलं तेव्हा ज्याने फार गोळा केला त्याचं उरलं नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडलं नाही. सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा होता, आणि तो नासला नाही. म्हणजे देव साठवण्याच्याच विरुद्ध आहे असं नाही. मापाशिवाय, निव्वळ उद्याच्या भीतीने साठवलेलं नासतं.

याच्या उलट लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला तो श्रीमंत शेतकरी पाहा. पीक अमाप आलं यात त्याचा काही दोष नाही. त्याची चूक मला दोन ठिकाणी दिसते. पहिली, एवढ्या धान्याचं काय करायचं हा विचार त्याने पीक आल्यावर सुरू केला. दुसरी, त्या अख्ख्या गोष्टीत देव बोलेपर्यंत दुसरं माणूसच नाही. तो आपल्या मनाशी बोलतो, आपल्या जिवाशी बोलतो. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. एकट्याने आणि उशिरा ठरवलं की उत्तर एकच निघतं: कोठारं मोडून मोठी बांधू.

म्हणून मी जोडप्यांना जे सांगते ते साधं आहे. माप आधी ठरवा आणि एकट्याने ठरवू नका.

हे कसं जमतं ते मी एका घरात पाहिलंय. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे, दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्ष. नवराबायको दोघं ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या आठवड्यात एक कागद लिहितात. झाडावर अजून घड नाही, भाव माहीत नाही, निर्यात होईल की नाही माहीत नाही, अशा वेळी. सोसायटीचं कर्ज इतकं, औषधं-मजुरी इतकी, घरखर्च इतका, मुलीच्या शिक्षणाला इतके, देवाचे इतके. आणि शेवटची ओळ: याच्यावर आलं तर कुठे जाईल. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. एका वर्षी भाव चांगला मिळाला, तेव्हा दारात ट्रॅक्टर बदलायचा आग्रह करणारे तीनजण आले. कागद काढला, त्यात ट्रॅक्टर नव्हता. शेवटच्या ओळीत मजुरांच्या खोल्यांवर नवे पत्रे होते, ते घातले. पुढे एका वर्षी ऐन घडात गारपीट झाली, मणी तडकले. ती वहिनी मला म्हणाली, "ताई, कागदामुळे रडू कमी आलं नाही, पण किती लागतं ते माहीत होतं, म्हणून भीती कमी वाटली." मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. चांगल्या वर्षी जे माप लोभाला आवरतं, तेच वाईट वर्षी भीतीला आवरतं.

तुम्ही पगारदार आहात. तुमची छाटणी म्हणजे पगारवाढीच्या आधीचा महिना. वाढ जाहीर होण्याआधी दोघांनी बसून लिहा.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती लपवून तुम्हाला हे सगळं सांगणं बरोबर नाही. वडील गेल्यावर 2006 मध्ये आम्ही जुनं घर विकलं. भाऊ पुण्याला, त्यामुळे उतारे, सिटी सर्व्हे, रजिस्टर ऑफिस, सगळी धावपळ माझी. वाटणी करताना मी खर्चापोटी 60,000 वजा केले आणि उरलेल्या रकमेचे दोन भाग केले. प्रत्यक्षात खर्च झाला होता 12,000 च्या आसपास. भावाने हिशोब मागितला नाही. मला पैशाची गरज नव्हती. नोकरी होती, घर होतं. मनात एवढंच होतं की मी जास्त केलंय, मला जास्त मिळायला हवं. पुढे महिलांच्या बायबल अभ्यासात लूक 12 माझ्याकडे आला. तो अध्याय श्रीमंत शेतकऱ्यापासून सुरू होतो असंच माझ्या डोक्यात होतं. पण त्याआधी गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. आणि त्यावर येशू म्हणतो, सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा. 'सर्व प्रकारच्या' इथे मी थांबले. त्या दिवशी पुढे शिकवता आलं नाही. भावाच्या वाट्याचे 24,000 होत होते. ते पाठवायला मला त्यानंतरही सात महिने लागले. आता विचार करते की एवढा वेळ का लागला, तर पैसे द्यायला नव्हे, फोन करून 'मी घेतले होते' हे म्हणायला.

'मी जास्त केलं' या भावनेचा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायातल्या मजुरांशी जवळचा संबंध आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटे आलेल्यांशी दिवसाचा एक दिनार ठरवला. ते खुशीने कामाला लागले. संध्याकाळी त्यांना ठरलेला दिनारच मिळाला, एक पैसा कमी नाही. कुरकुर कधी सुरू झाली? शेवटच्या तासाला आलेल्याच्या तळहातावर दिनार पाहिला तेव्हा. स्वतःच्या हातातला दिनार तोच होता, फक्त नजर तिथून हलली होती. मावसभावाचा बंगला पाहायच्या आदल्या दिवशी तुमचा फ्लॅट तुम्हाला लहान वाटत होता का? हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. वाटत असेल, मुलांना अभ्यासाला जागा नसेल, आईवडील यायचे असतील, तर ती गरज आहे आणि तिच्यासाठी जरूर आखणी करा. वाटत नसेल, तर तुम्हाला घर नकोच आहे. तुम्हाला ती रात्र पुसून टाकायची आहे, आणि तिला बँक कर्ज देत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायलाच हवी, कारण संतोषाचा उपदेश चुकीच्या माणसाला केला की तो जुलूम होतो. कंत्राटी कामगाराला ओव्हरटाइमचे पैसे मिळत नसतील आणि तो मागत असेल, तर त्याला 'संतोष मान' म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. नवरा पगार उडवतो आणि बायकोला समाधानाचे धडे दिले जातात, अशी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथे मी त्या बाईच्या बाजूने उभी राहिले. ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत त्याला आधी औषध द्यावं, वचन त्यानंतर. बायबलच्या नीतिसूत्रे पुस्तकातला आगूर देवाकडे दोन्ही नको म्हणतो: श्रीमंती नको, नाहीतर मी तुला विसरेन, दारिद्र्य नको, नाहीतर मी चोरी करीन. गरिबीला पवित्र म्हणून तो तिची आरती करत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही या दोन्हींच्या मध्ये आहात, म्हणून तुमच्याशी मी लोभाबद्दल बोलू शकते.

प्रगतीचं म्हणाल तर पवित्र शास्त्र मेहनतीच्या विरुद्ध कुठेच नाही. इफिसकरांस पत्रात पौल सांगतो, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे गरजवंताला द्यायला तुमच्याजवळ काही असेल. तीमथ्याला लिहिताना तो द्रव्याला वाईटाचं मूळ म्हणत नाही, द्रव्याच्या लोभाला म्हणतो. हे वचन लोक नेहमी अर्धवट सांगतात. त्याच अध्यायाच्या शेवटी श्रीमंतांना तो 'सगळं टाकून द्या' म्हणत नाही; चंचल धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा, असं सांगतो. बढती घ्या, नवं काम शिका, चांगला पगार मागा. फक्त वाढलेल्या पगाराचं माप आधी लिहिलेलं असू द्या.

देण्याबद्दल थोडं. मूठ आधी, पातेलं नंतर, हा आईचा क्रम मी सोडला नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, की त्याहून कमी-जास्त, यावर मी भांडत नाही. ज्याच्या घरात आजारपण आहे त्याचं प्रमाण वेगळं असणार. पण महिनाअखेरीस उरलेल्यातून दिलं की लोभाला काही धक्का लागत नाही, आणि पगार झाल्याच्या दिवशी दिलं की लागतो, हे मी स्वतःवर तपासलंय. आणि एक विनंती: 'बी पेरा, देव शंभरपट परत देईल' अशा भाषणांपासून दूर राहा. परताव्यासाठी केलेलं दान म्हणजे गुंतवणूक. त्यात लोभ कमी होत नाही, त्याला प्रार्थनेचा आवाज मिळतो. अशा बोलण्यावर विश्वास ठेवून मंगळसूत्र मोडलेली बाई माझ्यासमोर बसून रडली आहे. ते मला विसरता येत नाही.

पण हे सगळं, कागद, मूठ, हिशोब, नुसतं पद्धत म्हणून केलं तर माणूस काटकसरी होतो, संतुष्ट होत नाही. बँकेत मी अत्यंत शिस्तीची आणि अत्यंत घाबरलेली माणसं पाहिली आहेत. संतोष कशावर उभा राहतो ते बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात, 13:5 मध्ये आहे. जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा, असं तिथे म्हटलंय, आणि लगेच कारण दिलंय: कारण त्याने म्हटलं आहे, मी तुला सोडून जाणार नाही. 'थोडकं चांगलं असतं' हे कारण नाही. 'पैसा वाईट' हेही नाही. कुणीतरी बरोबर आहे, हे कारण आहे. फिलिप्पैच्या पत्रातही तसंच. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'स्वावलंबी' असा शब्द आहे, आणि तो वाचून वाटतं की पौलाला कुणाचीच गरज नव्हती. त्या काळचे स्तोयिक पंथाचे तत्त्वज्ञ त्यामागचा ग्रीक शब्द त्याच अर्थाने वापरत. पण पौल पुढच्या दोन ओळींत सांगतो की मला सामर्थ्य देणारा दुसरा आहे, आणि पाठोपाठ त्यांच्याकडून आलेल्या एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीबद्दल फिलिप्पैकरांचे आभार मानतो. त्याचं समाधान माणसांशिवाय आणि ख्रिस्ताशिवाय उभं राहिलेलं नाही. ज्या रात्री जेवण जात नाही, त्या रात्री हे इब्रीचं वचन मोठ्याने वाचा, पत्नीसमोर. मनातल्या मनात नको. मनातल्या मनात तो श्रीमंत शेतकरीही बोलत होता.

आणि मावसभावाकडे पुन्हा जा. स्टेटसवरचे फोटो पाहत राहू नका, प्रत्यक्ष जा. फोटोत घर दिसतं, हप्ता दिसत नाही. माणसाचा थकलेला चेहराही दिसत नाही. त्याच्या घरात त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, त्याच्या मुलांसाठी करा. पहिल्या वेळी शब्द घशात अडकतील. माझे अडकले होते, भावाच्या नव्या घरात.

आता प्लॉट. तुम्ही आकडे दिलेत म्हणून सरळ बोलते. दोघांचे मिळून हातात 72,000, फ्लॅटचा हप्ता 24,000. प्लॉटच्या कर्जाचा 18,000 धरला तर उरतात 30,000, त्यात दोन मुलांच्या फिया, किराणा, पेट्रोल, आणि तुमच्या वडिलांची औषधं. कर्जविभागात असते तर मी तुम्हाला थांबवलं असतं, आणि तेव्हा बायबल काढायची गरजही पडली नसती. सिंहस्थामुळे जमिनी सोन्याच्या होणार हे मी 2003 च्या आधीही ऐकलंय आणि 2015 च्या आधीही. काहींना फायदा झाला, काहींचे पैसे बिनशेती न झालेल्या तुकड्यांत वर्षानुवर्षं अडकले. घ्यायचाच असेल तर सातबारा, बिनशेतीचे (एनए) कागद आणि मंजूर लेआउट वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. हे प्लॉट कुणाचाही असो, लागू आहे.

तो माणूस 15 तारीख म्हणतोय. ती मुदत त्याची आहे. येत्या रविवारी उपासनेहून आल्यावर मुलांना खेळायला पाठवा, एक कोरा कागद घ्या आणि पत्नीला आधी लिहू द्या की तिच्या मते तुमच्या घराला किती पुरे आहे. तिचा आकडा वाचून झाल्यावर मग तुमचा लिहा.